डिजिटल सही : खात्री पटावी, पण सगळी माहिती उघडी का पडावी?

तापीकाठ (रावेर तालुका)

राम राम मंडळी. आम्ही केळीवाले. यंदा माल भरायच्या आधी एका व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर आधारची झेरॉक्स, सातबारा, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान मागितलं. त्याला खरं तर दोनच गोष्टी कळायला हव्यात : बाग याच माणसाची आहे का, आणि पैसे टाकायचं खातं याचंच आहे का. पण सातबारा दिला की इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती आहे ते त्याला दिसतं. डोक्यावर कर्ज असलेल्याचा माल दाबून मागतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आधारवर जन्मतारीख, पत्ता, पूर्ण नंबर. ते फोटो मग मुनिमाच्या मोबाईलमध्ये, तिथून गाडी भरणाऱ्यांच्या ग्रुपवर.

आता कागद डिजिटल सहीचे झालेत, ते चांगलंच आहे, खोटे कागद करणं अवघड झालं. माझं म्हणणं एवढंच की सही पक्की असेल तर समोरच्याला माहिती कमी द्यावी लागली पाहिजे. प्रत्यक्षात पूर्वी जेवढं देत होतो तेवढंच देतोय, वर ते पसरतंय जास्त वेगाने. खात्री पूर्ण आणि माहिती गरजेपुरती, अशी सही असते का? असली तर आपल्याकडे का नाही? आणि ती येईपर्यंत आज काय करता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

भुसावळ_जंक्शन

फार गरजेचा धागा. लॉजवर, मुलांच्या क्लासला, सगळीकडे तीच झेरॉक्स. आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याला गल्लीतल्या प्रत्येकाचा वाढदिवस पाठ असेल. :)

---

सेवाकेंद्र_पारोळा

मी आपले सरकार केंद्र चालवतो, रोजचा अनुभव लिहितो.

महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. लोक ती पीडीएफ डाउनलोड करतात, प्रिंट काढतात आणि प्रिंटच पुढे देतात. सही त्या फाईलमध्ये आहे, कागदावर फक्त तिचं चित्र उमटतं. प्रिंट हातात पडली की तपासायला तो क्रमांक साइटवर टाकावा लागतो. तो टाकून बघणारा माणूस मला क्वचित भेटतो.

दुसरी गोष्ट पिवळ्या प्रश्नचिन्हाची. संगणकावर पीडीएफ उघडली की सहीजवळ प्रश्नचिन्ह दिसतं आणि साहेब लोक म्हणतात, सही चालत नाही. त्या चिन्हाचा अर्थ सही खोटी असा नाही. भारतातल्या प्रमाणपत्रांचं मूळ त्या सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत नाही, एवढंच. सहीवर उजवं बटण दाबून ते मूळ विश्वासू म्हणून जोडलं की हिरवी खूण येते. मात्र समोर आलेलं कुठलंही प्रमाणपत्र डोळे मिटून जोडू नका. ते सीसीए इंडियाच्या (प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवरचं सरकारी नियंत्रक कार्यालय) मुळापर्यंत पोचतं का ते आधी बघा, नाहीतर खोट्या सहीलाही हिरवी खूण लागेल.

आणि आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार काढा. पहिले ८ अंक झाकलेले, शेवटचे ४ दिसतात. ते फुकट आहे.

---

जुनी_पांझरा (धुळे)

मी महसूल खात्यात आयुष्य घालवलं, म्हणून जरा वेगळं लिहितो. खाजगीपणाची काळजी योग्य आहे, पण दुसरी बाजू पाहा. एकच जमीन दोघांना विकलेली, मयताच्या नावाने उचललेलं कर्ज, हाताने खाडाखोड केलेले उतारे, हे सगळं मी टेबलावर पाहिलंय. ते कशाने पकडलं? पूर्ण कागद समोर असल्याने. निम्मं झाकून निम्मं दाखवा म्हटलं की लबाड माणूस नेमकं झाकायचं तेच झाकेल.

शिवाय सातबारा हा सार्वजनिक अभिलेख आहे. बोजा उघड दिसतो तो घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणूनच.

---

तापीकाठ

नाना, जमीन घेणाऱ्याला बोजा दिसलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण केळी घेणारा जमीन घेत नाही. त्याला घडाचा भाव करायचाय.

---

गणित_शहादा

मूळचा शहाद्याचा, सध्या पुण्यात याच विषयावर काम करतो. तापीकाठभाऊंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, अशा सह्या आहेत, आणि बऱ्याच जुन्या आहेत. थोडं मुळापासून लिहितो.

डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये दोन किल्ल्यांची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांनी ती आरएसए म्हणून प्रत्यक्षात आणली. खाजगी किल्ली फक्त सही करणाऱ्याकडे, सार्वजनिक किल्ली सगळ्यांकडे. सही करताना अख्ख्या फाईलचा आधी एक हॅश काढतात, म्हणजे ठरावीक लांबीचा आकडा, आणि त्यावर खाजगी किल्ली चालवतात. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो आणि सही मोडते. सुरक्षिततेसाठी हे उत्तम. पण त्याचाच परिणाम म्हणून तुम्ही स्वतःच्या सातबाऱ्यावरचा बोजा झाकायला गेलात तरीही सही मोडते. अडचण सहीच्या गणितात नाही, सगळ्या मजकुरावर मिळून एकच सही केली आहे त्यात आहे.

यावर सोपा उपाय असा. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, बोजा या प्रत्येक रकान्याला एकेक लांबलचक यादृच्छिक आकडा जोडायचा, त्याचा वेगळा हॅश काढायचा आणि हॅशच्या यादीवर सही करायची. मग तुम्ही व्यापाऱ्याला फक्त 'नाव' आणि 'गट नंबर' हे रकाने त्यांच्या आकड्यांसह देता. तो हॅश काढून यादीशी ताडतो, सही तपासतो. बोजाच्या जागी त्याला निरर्थक अक्षरं दिसतात. मोबाईलमधल्या वाहन परवान्याचा २०२१ चा आयएसओ १८०१३-५ हा मापदंड याच पद्धतीवर उभा आहे.

नानांच्या शंकेचं उत्तरही इथे आहे. काय झाकलंय ते दिसत नसलं तरी काहीतरी झाकलंय हे तपासणाऱ्याला कळतं. जमीन घेणाऱ्याने म्हणावं, बोजाचा रकाना उघडा, नाहीतर व्यवहार नाही. झाकलेलं नंतर बदलता येत नाही, कारण त्यावरही सही आहेच.

तो यादृच्छिक आकडा कशाला? कारण नुसता हॅश म्हणजे लपवणं नव्हे. आधारची ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाईल घ्या, म्हणजे ओळख पटवायला आपण स्वतः डाउनलोड करून देतो ती. तिच्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते, पूर्ण आधार क्रमांक नसतो, हे फार चांगलं केलंय. मोबाईल नंबर मात्र शेअर कोड (फाईल उघडायचा परवलीचा आकडा) मिसळून हॅश केलेला असतो. शेअर कोड ४ अंकी, आणि तो फाईल घेणाऱ्याला दिलेलाच असतो. आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. साधं ग्राफिक कार्ड असलेला संगणकही त्या सगळ्या चालवून बघू शकतो. मूळ शक्यता मोजक्या असतील तर हॅशने फार काळ काही झाकत नाही.

---

मिरचीबाजार (नंदुरबार)

शहादेकरांनी आधार काढलाच आहे तर सांगायला हवं, देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच शहादे तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी गावात आले होते. ओळखीच्या नव्या व्यवस्थेची सुरुवात खान्देशातून झाली, तर तिच्यात काय कमी पडतंय हे बोलायचा हक्क आपला पहिला.

आणि कमी पडतं ते मी रेशन दुकानावर बघतो. मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायांचे अंगठे घासून गेलेले असतात. मशीन घेतच नाही. सहीचं गणित कितीही पक्कं असो, त्याआधीची ओळखच अंगठ्यावर अडते.

---

अमळनेरकर

+१. मन्ही आजीना तं एकबी बोट लागत नही भो. शेवटी ओटीपीवर काम झालं. पण मोबाईल नातवाचा, म्हणजे आजीची सही नातवाच्या हातात गेली.

---

सीए_ऑफिस_जळगाव

अमळनेरकरांचा मुद्दा आमच्या धंद्यात रोजचा. डिजिटल सहीचं डोंगल (खाजगी किल्ली ठेवलेलं, संगणकाला लावायचं यूएसबी उपकरण) ज्याच्या नावावर असतं त्याच्या हातात ते जवळजवळ कधीच नसतं. करसल्लागारांच्या ड्रॉवरमध्ये ग्राहकांची डोंगलं रांगेने पडलेली असतात, पिन चिठ्ठीवर. अनेक कार्यालयांतही साहेबांचं डोंगल ऑपरेटरकडे असतं.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खाजगी किल्ली सांभाळायची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिकपणे वापरली तर कलम ६६सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. १ जानेवारी २०२१ पासून वर्ग २ ची प्रमाणपत्रं देणं बंद झालं, आता वर्ग ३ च मिळतं, ओळखीची पडताळणी जास्त कडक. डोंगलमधली किल्ली बाहेर काढता येत नाही, ते तांत्रिकदृष्ट्या चांगलंच आहे. पण पिन दिला की सगळं दिलं. आम्ही आता ग्राहकाला समोर बसवून सही करायला लावतो. वेळ जातो, काही ग्राहक चिडतात, तरी सोडत नाही.

२०१५ पासून आलेलं ई-साइन वेगळं आहे. त्यात आधार ओटीपीने ओळख पटवून त्या वेळेपुरती किल्ली तयार होते, सही झाली की ती नष्ट करतात, प्रमाणपत्राची मुदत अर्ध्या तासाची. ड्रॉवरमध्ये ठेवायला काही उरतच नाही.

---

भुसावळ_जंक्शन

एका ऑफिसात डोंगलवरच चिकटपट्टी लावून पिन लिहिलेला पाहिलाय. विचारलं तर म्हणाले, साहेब विसरतात.

---

सेवाकेंद्र_पारोळा

ई-साइनवरून आठवलं. ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या माहितीची सरकारी डिजिटल व्यवस्था) शेतकरी क्रमांक काढताना शेवटच्या टप्प्यावर ओटीपी टाकून ई-साइनच होते. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वाटतं, हा नुसता ओटीपी. तुमची माहिती वापरायला संमती देताय आणि त्यावर तुमची सही होतेय, हे मी प्रत्येकाला सांगतो. रांग मोठी असते, मागून ओरडा होतो, पण संमती म्हणजे काय ते न कळता सही घेणं मला पटत नाही.

---

शिक्षिका_तळोदा

मला एक वेगळं विचारायचंय. आमच्याकडे रेशन कमी मिळालं, पोषण आहारात गडबड झाली, तरी कोणी तक्रार करत नाही. तक्रार केली की नाव गावभर होतं आणि मग त्या घराला त्रास. निनावी तक्रार केली तर अधिकारी म्हणतात, कोणीही उपटसुंभ लिहील, दखल का घ्यायची. तक्रार करणारा खरोखर त्या दुकानाचा कार्डधारक आहे एवढं सिद्ध व्हावं आणि कोण आहे ते कळू नये, अशी सही असते का?

---

गणित_शहादा

ताई, तुम्ही या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घातलात. दोन प्रकार आहेत.

पहिला, गटसही. चॉम आणि व्हॅन हेस्ट यांनी १९९१ मध्ये मांडली. गटातला कोणीही गटाच्या वतीने सही करतो. तपासणाऱ्याला कळतं की सही गटातल्याच कोणाची तरी आहे, पण कोणाची ते कळत नाही. एका नेमलेल्या व्यक्तीकडे मात्र खास किल्ली असते, ती वापरून नाव उघडता येतं.

दुसरा, वलयसही. २००१ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि टॉमन यांनी मांडली. यात नाव उघडणारा कोणी नसतोच. सही करणारा इतरांच्या सार्वजनिक किल्ल्या घेऊन स्वतःच वलय तयार करतो, त्यांना विचारावंही लागत नाही. सही कोणाची ते कायमचं झाकलेलं राहतं.

तुमच्या कामाला कोणती हवी, हा प्रश्न गणिताचा नाही, गावाचा आहे.

---

जुनी_पांझरा

माझं मत स्पष्ट आहे, गटसहीच हवी. खोट्या तक्रारींनी चांगल्या दुकानदाराची वाट लागलेली मी पाहिली आहे. तक्रार खोटी निघाली तर नाव उघडता आलंच पाहिजे.

---

शिक्षिका_तळोदा

नाना, नाव उघडायची किल्ली कोणाकडे? तहसील कार्यालयात ठेवली तर संध्याकाळपर्यंत दुकानदाराला नाव कळेल. मी माणसांवर आरोप करत नाही, पण तालुक्याला सगळे एकमेकांचे ओळखीचे असतात.

---

जुनी_पांझरा

मग किल्ली तहसिलात ठेवू नका. जिल्हा न्यायालयात ठेवा. लेखी आदेशाशिवाय उघडायची नाही.

---

गणित_शहादा

किल्लीचे तुकडेही करता येतात. समजा पाच ठिकाणी पाच तुकडे, त्यातले किमान तीन एकत्र आल्याशिवाय नाव उघडत नाही. शमीर यांनी १९७९ मध्येच ही पद्धत दिली आहे. एक तुकडा न्यायालय, एक जिल्हाधिकारी, एक ग्रामसभेने निवडलेली व्यक्ती, असं काही. नाना आणि ताई दोघांचंही म्हणणं यात बरंचसं सांभाळलं जातं.

---

शिक्षिका_तळोदा

पाचातला एक तुकडा महिला बचत गटाकडे असेल तर मी आजच आमच्या पाड्यावर बोलायला तयार आहे.

---

अमळनेरकर

एक शंका. रकाने झाकून दाखवले तरी सही तीच राहते ना? मग केळीवाला, खतवाला आणि बँक एकत्र आले तर सहीवरून ताडून बघतील की माणूस एकच.

---

गणित_शहादा

बरोबर पकडलंत. तीच सही सगळीकडे दाखवली की ती स्वतःच तुमचा ओळख क्रमांक होऊन बसते. यावर एक तोडगा म्हणजे एकाच माहितीवर बऱ्याच वेगवेगळ्या सह्या आधीच घेऊन ठेवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी नवी वापरायची. जास्त चांगला तोडगा बीबीएस सहीचा. तिचं मूळ बोने, बॉयेन आणि शाचम यांच्या २००४ च्या कामात आहे. त्यात सही दाखवतच नाहीत. 'माझ्याकडे अशी वैध सही आहे आणि तिच्यातला हा रकाना असा आहे' याचा शून्य-ज्ञान पुरावा, म्हणजे बाकी काहीही न उघडता तेवढं म्हणणं खरं असल्याचं पटवणारा पुरावा, दर वेळी नव्याने तयार करतात. उघडलेल्या रकान्यांवरूनच ओळख पटत नसेल, तर दोन पुरावे एकाच माणसाचे आहेत हे सही देणाऱ्या कार्यालयालाही ओळखता येत नाही.

याच्याही आधी, १९८२ मध्ये, चॉम यांनी अंधसही मांडली होती. त्यांनीच दिलेला दाखला : कागद आणि कार्बन पेपर लिफाफ्यात घालून लिफाफा बंद करा, अधिकारी वरून सही करेल, ती आतल्या कागदावर उमटेल, पण कागदावर काय आहे ते त्याला दिसणार नाही.

मग हे सगळीकडे का नाही? युरोपीय संघाने २०२४ मध्ये डिजिटल ओळख पाकिटाचा कायदा केला, तिथेही हाच वाद रंगलाय. क्रिप्टोग्राफीवाले बीबीएसचा आग्रह धरतात, पण मोबाईलमधल्या सुरक्षित चिपना त्याचं गणित येत नाही, त्या जुन्या पद्धतीच्या सह्यांसाठी बनल्या आहेत. शिवाय प्रमाणपत्र रद्द झालंय का हे विचारायला प्रत्येक दुकानदार मूळ कार्यालयाला फोन लावायला लागला, तर तुम्ही कुठे कुठे गेलात ते त्या कार्यालयाला कळतं. रद्द करण्याची सोय आणि पाळत नसणं, हे दोन्ही सांभाळणं खरं कठीण काम आहे.

आणि फक्त चिपवरही विसंबता येत नाही. एस्टोनियात २०१७ मध्ये ओळखपत्रांच्या चिपमध्ये किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला आणि सुमारे ७.६ लाख कार्डांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. त्यांनी ते लपवलं नाही, जाहीर केलं आणि नवी प्रमाणपत्रं दिली. आपल्याकडेही दोष सापडल्यावर तो सांगायची अशीच पद्धत असायला हवी.

---

सीए_ऑफिस_जळगाव

कायद्याच्या बाजूने भर घालतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ज्या कामासाठी दिली त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरावी अशी तरतूद आहे. म्हणजे तापीकाठभाऊ म्हणतात ती अपेक्षा कायद्याच्या दिशेनेच आहे. आणि धाग्यात कोणी मृत्युपत्रावर ई-साइन करायच्या विचारात असेल तर थांबा. मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वगळलेलं आहे, तिथे कागदावरची सही आणि दोन साक्षीदारच लागतात.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार, पुष्कळ नवीन कळलं. बीबीएस येईल तेव्हा येईल. पुढच्या कापणीला व्यापाऱ्याला काय देऊ तेवढं सांगा.

---

जुनी_पांझरा

सातबारा देऊ नका, डिजिटल सहीचा ८अ द्या. तोही महाभूमीवर मिळतो. त्यात खातेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, आकारणी असते, इतर हक्कातला बोजा नसतो. गावातली तुमची सगळी जमीन मात्र दिसेल, तेवढं चालत असेल तर. पीक बघायला तो बागेत येतोच.

---

सीए_ऑफिस_जळगाव

नाना, हे झकास. आणि पासबुक कशाला? आधी १ रुपया पाठवून खातेदाराचं नाव बघा म्हणावं. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीलाही पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे.

---

शिक्षिका_तळोदा

आमच्याकडे सातपुड्यात नेटवर्कच नसतं. तिथे कुठलीही सही तपासायची कशी?

---

सेवाकेंद्र_पारोळा

ताई, आधारवरचा मोठा क्यूआर नेटशिवाय तपासता येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि प्राधिकरणाची सही, सगळं त्या क्यूआरमध्येच भरलेलं असतं. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतो. तपासायला लागणारी सार्वजनिक किल्ली स्कॅनरच्या ॲपमध्ये असते, ते एकदा तळोद्याला आल्यावर मोबाईलमध्ये उतरवून घ्या. स्कॅन केल्यावर येणारा फोटो समोरच्या माणसाशी जुळतो का ते डोळ्यांनी बघायचं. कार्डावर छापलेल्या फोटोवर जाऊ नका, तो बदलता येतो.